सरासरी वर्षाचा रकाना

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेत बुद्धिबळाचे दोन पट आहेत आणि एक लॅपटॉप. तो कपाटात कुलूपबंद असतो. मुलांसाठी आलेली वस्तू मुलांपासूनच जपून ठेवायची ही आपल्या शाळांची जुनी खोड, आणि मला तिचा मनापासून राग येतो. 2025 च्या जुलैत नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली, तेव्हापासून चावी जरा लवकर मिळू लागली.

लॅपटॉपवर मी स्किड हे बुद्धिबळाचे डाव साठवण्या-तपासण्याचं सॉफ्टवेअर बसवलं. फुकट आहे, जुन्या मशीनवरही चालतं. खेळल्या गेलेल्या डावांचा साठा, म्हणजे बेस, यवतमाळच्या एका मित्राकडून आणला. बेस म्हणजे एकच फाइल असं नवख्याला वाटतं. जुन्या स्किडमध्ये त्या तीन असतात: एसआय4 मध्ये डावांची सूची, एसएन4 मध्ये खेळाडूंची आणि स्पर्धांची नावं, एसजी4 मध्ये प्रत्यक्ष चाली. पहिल्या खेपेला मी पेनड्राइव्हवर फक्त पहिली आणली आणि बेस काही केल्या उघडेना. पुढच्या रविवारी पुन्हा एसटी, पुन्हा यवतमाळ. मग दोनदा आलेले डाव शोधून काढले. नुसते काढून भागत नाही, बेस कॉम्पॅक्ट करेपर्यंत ते आतच पडून असतात. एकाच खेळाडूच्या नावाची चार-चार स्पेलिंगं होती, तीही रात्री बसून जुळवली. त्या बेसचा मला अभिमान होता.

कापूस वेचणीच्या दिवसांत शनिवारी सरावाला चार-पाच पोरंच उरतात. त्यात आठवीतली एक मुलगी कधी चुकली नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी आम्ही टू नाइट्स ही डावाची सुरुवात बसवत होतो. पांढरा घोडा जी5 वर चढतो, काळा डी5 ला प्यादं पुढं करतो, पांढरा ते मारतो, काळा घोडा ए5 ला जातो, उंट बी5 वरून शह देतो, सी6 वर प्याद्यांची मारामारी होते. आता बी5 वरच्या उंटावर काळ्या प्याद्याचा मारा आहे. तो न्यायचा कुठं?

मी स्किडची ट्री खिडकी उघडली. बेसमध्ये कुठली चाल किती डावांत खेळली गेली आणि तिला किती टक्के यश आलं ते तिथं दिसतं. ई2 ला रांगेनं डाव. सुरुवातींच्या वर्गीकरणात त्या ओळीला सी59 हा स्वतंत्र कोडसुद्धा आहे. डी3 ला अगदी मोजके, आणि टक्केवारीही पडलेली.

ती पटाकडे पाहत होती. म्हणाली, "सर, उंट डी3 ले ठेवू ना. घोड्याले मांगं कायले न्यायचं? काळ्यानं प्यादं एच6 केलं तं आपला घोडा ई4 वर बसते. ई2 ले ठेवला तं घोडा एफ3 ले येते, अन् प्यादं ई4 ले येऊन त्याले पुन्हा हाकलते."

मी म्हटलं, "डी प्याद्याची वाट अडते बेटा. अन् हे पाह्य, मोठे खेळाडू काय खेळतात ते."

ती गप्प झाली. "तुम्ही म्हणता तं ई2."

यवतमाळला चौथ्या फेरीत नेमकी तीच स्थिती पटावर आली. तिनं ई2 ला उंट नेला. घोडा एफ3 ला, ई4 ला काळं प्यादं, घोडा ई5 ला. तिनं सांगितलं होतं तसंच. काळ्याचे मोहरे भराभर बाहेर आले, तिचा राजा मध्येच अडकला, आणि पंचविसाव्या चालीच्या आसपास तिनं हात पुढे केला. ई2 ही चाल वाईट नाही. पण तिथून पुढचा खेळ तिच्या डोक्यातला नव्हता, माझ्या खिडकीतला होता. शहरातले काही प्रशिक्षक पोरांना चाली पाठ करायला लावतात म्हणून मी नेहमी चिडतो. त्या दिवशी मी वेगळं काय केलं?

परत आल्यावर द वीक इन चेसच्या फाइली उतरवायला बसलो. मार्क क्राउदर 1994 पासून आठवड्याच्या आठवड्याला ताजे डाव देत आले आहेत. आमच्या नेटवर एकेक झिप यायला वेळ लागतो, तीन रात्री गेल्या. नवा बेस उघडून तीच स्थिती लावली. अलीकडच्या डावांत डी3 ठसठशीत वर होती, ग्रँडमास्टरांच्या हातून खेळलेली.

जुना बेस पुन्हा उघडला. त्यातला एकही डाव 1990 नंतरचा नव्हता. स्पेलिंगं जुळवताना रात्री घालवल्या आणि तारखा एकदाही पाहिल्या नाहीत. ट्री खिडकीत टक्केवारीच्या पलीकडे सरासरी वर्षाचा एक रकाना असतो. तो पहिल्या दिवसापासून समोर होता.

डी3 खेळून ती जिंकलीच असती असं मी म्हणत नाही. पण तिनं मला कारण दिलं होतं, आणि मी तिला आकडा दाखवला.

शनिवारी तिला दोन्ही खिडक्या शेजारी लावून दाखवल्या. तिनं त्या रकान्यावर बोट ठेवलं, वर्षं वाचली आणि विचारलं, "सर, मंग आपण मोहरे पाह्यत होतो का कागद?"