जुळवून घेण्यातला बिघाड

बाबा गेले त्याला आता चार महिने होतील. फेब्रुवारीत, पहाटे, झोपेतच. त्याच्या तीन आठवडे आधी आमचा विभाग बंद करून दुसऱ्यात मिसळणार असल्याचं कळलं होतं, आणि घरमालकांनी घर विकायला काढल्यामुळे इथे जर्मनीत, न्यूर्नबर्गमध्ये, नवं घर शोधणंही चालू होतं. एकेक गोष्ट निभावली असती. तिन्ही एकदम आल्या.

आई किंवा वडील गेले तर इथे ऑफिस साधारण दोन दिवसांची खास रजा देतं. बाकीचे दिवस मी वार्षिक रजेतून घेतले, तेरावा करून परतले आणि दुसऱ्या दिवशी कामावर बसले. फोनवर प्रत्येक जण म्हणत होता, "आता सावर. मनाला लावून घेऊ नकोस." मीही सगळ्यांना ठीक आहे म्हणून सांगत होते.

मार्चच्या शेवटी, एका मंगळवारी, सुपरमार्केटच्या काउंटरवर कार्ड घातलं आणि पिन आठवेना. चार आकडे, नऊ वर्षं तेच. बोटं मशीनवर, मागे रांग, आणि डोक्यात काहीच नाही. सामान तिथेच टाकून मी बाहेर आले आणि सायकल स्टँडला धरून बराच वेळ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी फॅमिली डॉक्टरांकडे गेले ते स्मरणशक्तीच्या तपासण्या करून घ्यायला. साठीच्या आसपासच्या बाई आहेत, बोलायला तुटक. त्यांनी रक्तदाब घेतला आणि विचारलं, "झोप किती तास लागते?" मी सांगायला गेले, "तशी लागते, म्हणजे…" त्यांनी पेन खाली ठेवलं. "तासांत सांगा." तीन, कधी साडेतीन. मग गेल्या तीन महिन्यांत काय काय झालं ते विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि दोन आठवड्यांची क्रांकश्रायबुंग, म्हणजे आजारपणाची चिठ्ठी, लिहून दिली. मी म्हटलं, मला तापबिप काही नाही. त्या म्हणाल्या, "ताप नाही. आजारी आहात."

या चिठ्ठीबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण इतकी वर्षं राहूनही तिची किंमत मला कळली नव्हती. माझ्या प्रतीवर आजाराचा एफ 43.2 असा कोड होता. कंपनीला तो दिसत नाही. 2023 पासून कंपनी आरोग्य विमा संस्थेकडून ऑनलाइन फक्त तारखा मागवते, आजार कोणता ते तिला कळतच नाही. एकाच आजारासाठी सहा आठवडे पूर्ण पगार कंपनीने द्यायचा, त्यापुढे सरकारी विमा संस्थेने एकूण पगाराच्या 70 टक्क्यांपर्यंत, आणि त्या आजारासाठी हे सगळं धरून तीन वर्षांत 78 आठवड्यांपर्यंत. चिठ्ठी असताना घरात कोंडून घ्यावं लागत नाही. ज्याने बरं व्हायला मदत होते ते सगळं करता येतं. तरी पहिले चार दिवस मी बाहेर पडले नाही. शेजाऱ्यांनी पाहिलं तर काय म्हणतील, या आपल्याच भीतीने.

आपल्याकडेही चांगले साहेब असतात, मला मिळालेत. पण इथे साहेबांच्या चांगुलपणावर काही अवलंबून नाही, आणि ज्याचं डोकं चालत नाहीये त्याला हात जोडायला लागू नयेत, ही फार मोठी गोष्ट आहे.

त्या कोडचं नाव अनपासुंग्सश्टोरुंग. आपले डॉक्टर समायोजन विकार म्हणतात. सरळ मराठीत, जुळवून घेण्यातला बिघाड. आयुष्यात मोठा बदल झाला की साधारण महिन्याभरात सुरू होतो आणि बहुतेकांचा सहा महिन्यांत ओसरतो. पण मी त्या शब्दापाशीच थांबले. 'जुळवून घे' हे मी सासरी जाताना ऐकलं, इथे येताना ऐकलं, जर्मन शिकताना ऐकलं. न जमणं हा माझाच कमीपणा, असंच धरून चालले होते. त्याला कोड असू शकतो, त्यासाठी पगारी रजा असू शकते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राही या अमेरिकन डॉक्टरांनी 1967 साली अशा 43 बदलांची यादी करून प्रत्येकाला गुण दिले होते. जोडीदाराचा मृत्यू 100, जवळच्या नातेवाइकाचा 63, कामातली जबाबदारी बदलणं 29, घर बदलणं 20. लग्नालासुद्धा 50. मी बेरीज केली, 112 झाली. आई दूर देशात एकटी असण्याला त्या यादीत आकडा नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते साधंच होतं. रोज ठरल्या वेळी उठा, अर्धा तास उजेडात चाला, दिवसाला एकच कागदी काम, आणि या दोन आठवड्यांत कुठलाही मोठा निर्णय नको. मी पेग्नित्झ नदीच्या काठाने चालत राहिले. चिठ्ठी आणखी दोन आठवडे वाढवली. दहाव्या दिवशी पाच तास झोप लागली. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मात्र अजून मिळालेली नाही, त्यात इथे महिने जातात.

आणि हेही लिहायलाच हवं, की त्या पूर्ण महिन्यात माझी बेल पार्सलवाल्याशिवाय कुणी वाजवली नाही. घरी आईजवळ पहिले तेरा दिवस रात्री कुणी ना कुणी झोपायला होतं, न बोलावता. मी परत आले म्हणून काही जण बोलतात. तिथे राहिले असते तर मी तिला सांभाळलं असतं की तिने मला, याचं उत्तर मला त्या मंगळवारी मिळालं, असं मी धरते.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिच्या मागे बाबांचा मोबाइल चार्जिंगला लावलेला दिसला. "रोज रात्री लावते गं," ती म्हणाली, "बंद पडायला नको." मग मी तिला तो कोड, ती चिठ्ठी, सगळं सांगितलं. तोवर ऑफिसातल्यांना मी सर्दी झाली होती असंच सांगितलं होतं. ती गप्प झाली. मी विचारलं, "आई, झोप किती तास लागते?"

"लागते की."

"तासांत सांग."

तिने बोटांवर मोजलं. अडीच.

गुरुवारची वेळ मी इथूनच फोन करून घेतली आहे. मावशी बरोबर जाणार आहे.