फॉर्म भरलास का?

लग्नात, पालकसभेत, कधी कॉलेज रोडला भाजी घेताना, एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, ज्याला इंजिनिअरिंग झेपतच नाही त्याला कशाला धरून ठेवता? जाऊ द्या की, दुसरं काहीतरी करेल." विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. मी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवते, आणि जीएफएम म्हणून, म्हणजे काही मुलांची कॉलेजातली पालक म्हणून, एटीकेटीवाल्यांची, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्यांची, फाइल वर्षानुवर्षं माझ्याच टेबलावर येते. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तरच सांगते.

नापास झाला म्हणून लगेच कॉलेज सोडलं, अशी मुलं मला फारशी भेटलेली नाहीत. मुलं हातची सुटतात ती निकाल आणि पुढचा परीक्षा फॉर्म यांच्या मधल्या काळात. तेवढे दिवस त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

हे कळायला पुणे विद्यापीठाचा हिशेब थोडा माहीत हवा. 2019 पॅटर्नमध्ये, म्हणजे 2019 ते 2023 मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या अभ्यासक्रमात, दुसऱ्या वर्षाला जायला पहिल्या वर्षाचे निम्मे क्रेडिट लागतात. क्रेडिट म्हणजे विषय सुटला की खात्यात जमा होतं ते. तिसऱ्याला जाताना दुसऱ्याचे निम्मे चालतात, पण पहिल्याचे झाडून सगळे सुटलेले लागतात. दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय काढलेला मुलगा पहिल्या वर्षाच्या ग्राफिक्सपायी किंवा एम-वनपायी, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरापायी, दारातच अडतो, तो इथे. वायडी. इअर डाऊन. म्हणजे वर्ष गेलं. त्या दिवशी तो नापास वाटतो, पण त्याचं एकच पान उलटायचं राहिलेलं असतं.

वायडी झाला की पुढे काय होतं, ते बघा. वर्गात बसायचं नसतं. होस्टेलची खाट पुढच्या बॅचच्या मुलाला जाते. कॉलेजात शिकत असल्याचा दाखला, बोनाफाइड, नाही, म्हणून एसटीचा पास नाही. वर्ष गेल्यामुळे फी-सवलतीचं घोडं महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अडतं. मित्र पुढच्या वर्षात, त्यांच्या ग्रुपवर नवीन लॅबचे फोटो. घरी चार लोक विचारणार, म्हणून हा घरीही जात नाही. मग कुणीतरी सांगतं, सातपूरला एका कंपनीत पोरं घेतायत, पेपर येईपर्यंत तात्पुरतं कर. हातात पगार येतो. सेकंड शिफ्ट, नाइट शिफ्ट. परीक्षा फॉर्मची तारीख येते आणि जाते. लेट फीची तारीख येते, तीही जाते. त्याने कॉलेज सोडायचं असं कधी ठरवलेलंच नसतं.

म्हणून माझं पहिलं काम गणिताचं नसून कॅलेंडरचं असतं. वायडी मुलांचे नंबर मी वेगळे ठेवते. फॉर्म भरणं सुरू झालं की फोन: "फॉर्म भरलास का?" अभ्यासाचं काही विचारत नाही. अभ्यासाचं विचारलं की दुसऱ्या वेळेपासून फोन उचलत नाहीत, हा अनुभव आहे.

दुसरं काम फोटोकॉपीचं. निकाल लागल्यावर ठरावीक दिवसांत ऑनलाइन अर्ज करून उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. बहुतेक मुलं ती मागवतात फक्त रिव्हॅलसाठी, म्हणजे फेरतपासणीसाठी, चार मार्क वाढतायत का बघायला. मी म्हणते, मार्क राहू दे, तू काय लिहिलंस ते आधी बघू.

निफाडकडच्या एका मुलाची एम-थ्रीची, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या गणिताची, प्रत घेऊन आम्ही बसलो होतो. एंडसेमच्या, म्हणजे सत्राच्या शेवटच्या, पेपरात 'हा प्रश्न किंवा तो' असे जोडीने पर्याय असतात. याने जोडीतला पहिला अर्धा सोडवून खोडला, दुसरा सुरू केला, तोही सोडला आणि परत पहिल्याकडे वळला. शेवटची पानं कोरी. पुढे न्यूमेरिकल मेथड्सचं एक उदाहरण: सिम्प्सनचा नियम बरोबर, तक्ता आखलेला, पण साइनच्या सगळ्या किमती चुकलेल्या. कॅल्क्युलेटर डिग्रीवर होता, हवा होता रेडियनवर. तो स्वतःच्या अक्षराकडे बघत म्हणाला, "मॅडम, मला वाटलं होतं मला काहीच येत नाही." त्याला येत होतं. पेपर कसा सोडवायचा, ते येत नव्हतं. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत, आणि आपण सरसकट एकच देतो: "अजून अभ्यास कर."

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांची गोष्ट निराळी. वर्कशॉपमध्ये ही पोरं बाकीच्यांना पाणी पाजतात. पण त्यांची बारावी झालेली नसते, एम-वन, एम-टू झालेलं नसतं, आणि आल्या आल्या समोर एम-थ्री. डिफरन्शियल इक्वेशन सोडवताना पहिला भाग पाठ करून लिहितात, दुसऱ्या भागात इंटिग्रेशन आलं की हात थांबतो. त्यांना एम-थ्री पुन्हा शिकवून उपयोग नाही. पार्शल फ्रॅक्शन आणि बाय पार्ट्स, इंटिग्रेशनच्या या दोन रीती, एवढ्यावर आठवडाभर बसलं की गाडी हलते. हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे, टाइमटेबलला माहीत नाही.

रेमेडियलचे तास लावतो ना आम्ही, चार वाजता. चारला दिंडोरी-सिन्नरची मुलं निघायच्या घाईत असतात. कागदावर रेमेडियल झालेलं असतं, कॉलेजचा दर्जा तपासणाऱ्या नॅकला दाखवायला फोटोही असतो. त्यापेक्षा कामाला येतो तो त्याच विषयात एकदा आपटून मग सुटलेला सीनियर. टॉपरला बसवून पाहा, तो छान बोलतो, पण समोरचा कुठे अडतो हे त्याला दिसतच नाही, कारण तो स्वतः कधी तिथे अडलेला नसतो.

आता पालक. इथली सहामाही आणि इथली शेती यांचं जमत नाही. द्राक्षाची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, इनसेम, म्हणजे सत्राच्या मधली परीक्षा, त्याच सुमारास. उन्हाळ कांदा निघतो मार्च-एप्रिलात, तेव्हा दुसऱ्या सत्राची धावपळ. मुलगा शनिवारी घरी जातो तो बुधवारीच उगवतो, आणि हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव. कॉलेजचं छापील पत्र घरी जातं आणि वडील मुलाला झोडतात. मी पत्र जाण्याआधी फोन करते. "भाऊ, पोरगा हुशार आहे, पण या तीन आठवड्यांत त्याला मळ्यात बोलवू नका." बहुतेक जण ऐकतात. परीक्षेच्या तारखा त्यांना कुणी सांगितलेल्याच नसतात. मुलगाही सांगत नाही, कारण सांगितलं तर निकालही सांगावा लागेल.

काहींना मात्र गणिताची शिकवणी नकोच असते. रात्रभर जागा, जेवणावर वासना नाही, नजरेला नजर देत नाही. अशा वेळी क्रेडिटचा हिशेब बाजूला ठेवून समुपदेशकाकडे नेते, आणि रात्री-अपरात्री लागला तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये माझ्यासमोर सेव्ह करायला लावते. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि हो, काही जणांना मी जाऊ देते. एकीचं मन इंजिनिअरिंगमध्ये नव्हतंच. बारावीनंतर मामांनी फॉर्म भरला होता. तिला गंगापूर धरणाच्या वाटेवर मुक्त विद्यापीठ आहे, नोकरी करून पदवी घेता येते, हे बसून समजावलं. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं हे विद्यापीठ 1989 पासून आपल्या गावात आहे, तरी आपल्याकडे त्याचं नाव काढताना लोक आवाज खाली आणतात. मला ते पटत नाही. ठरवून, पुढचा प्रवेश हातात घेऊन जाणं वेगळं आणि फॉर्मची तारीख चुकली म्हणून गळणं वेगळं. माझा सगळा आटापिटा दुसऱ्या प्रकारासाठी.

राहता राहिला तो खवचट प्रश्न, तोही विचारता तुम्ही: "कॉलेजला फी हवी, म्हणून टिकवता ना?" कॉलेजला फी हवी असतेच, नाही कशाला म्हणू. पण वायडी मुलाला शोधत फिरण्यात कॉलेजला फारसा रस नसतो. त्याचा परतीचा फोन व्यवस्थापनाला येत नाही, मला येतो. बहुतेक वेळा रात्री अकराच्या पुढे, शिफ्ट सुटल्यावर. "मॅडम, फॉर्मची लास्ट डेट कधीये?" असं विचारतात. मी तारीख सांगते, आणि उद्या डबा खायच्या सुट्टीत मार्कशीट घेऊन ये म्हणते.