नव्या तबकाला नवेपणाचा दाखला

नायजेरियातील लागोस शहरातली नोकरी संपवून पुण्याला परतताना माझ्या सामानात एक कोरीव लाकडी तबक होते, आणि त्या एका तबकाने मला तीन आठवडे रखडवले. नायजेरियातील योरुबा लोक त्याला ओपोन इफा म्हणतात; इफा ही त्यांची कौल पाहण्याची पद्धत. इफाचा कौल पाहणारा बाबालावो त्यावर पिवळसर लाकडी भुकटी पसरतो आणि ताडफळाच्या सोळा बिया हाताळत बोटाने एकेरी-दुहेरी रेघा काढतो. सोळा मूळ चिन्हांच्या जोड्यांतून 256 ओडू, म्हणजे कौलाच्या आकृत्या, तयार होतात आणि प्रत्येक ओडूची वचने त्याला मुखोद्गत असावी लागतात.

तबक मी ओसोग्बो या योरुबा शहरात घेतले. तेथे ओशुन नदीच्या काठी त्याच नावाच्या देवीची सुमारे 75 हेक्टरांची देवराई असून 2005 पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. (ऑगस्टमधील उत्सवाच्या दिवसांत जायचे असल्यास राहण्याची सोय आधीच करून ठेवावी.) खरेदी तासाभरात आटोपली, आणि पावती मागण्याचे मला सुचले नाही. सगळा घोळ येथेच झाला.

नायजेरियातून पुरातन वस्तू परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही आणि वस्तू नवी असेल, तर ती पुरातन नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. संबंधित कार्यालयातील अधिकाऱ्यांनी तबक उलटसुलट करून पाहिले, त्याचा वास घेतला आणि काठावर कोरलेल्या एशू देवाच्या चेहऱ्याशी नख फिरवले. नखात पिवळी भुकटी आली. "ओगा (म्हणजे साहेब), नवे आहे, तर मग हे पूजेतले कसे?" असे त्यांनी शांतपणे विचारले. ती भुकटी विक्रेत्याने मला प्रात्यक्षिक दाखवताना सांडली होती आणि तबकाचा काळपटपणा धुराचा व तेलाचा होता. परंतु तोंडी खुलाशाला तेथे किंमत नव्हती. "उद्या या" हे उत्तर मी चार वेळा ऐकले. एकदा साहेब बैठकीत होते, एकदा शिक्का कुलपात होता, एकदा माझा अर्जच सापडेना. त्यांचा संशय अनाठायी होता असे मी म्हणणार नाही. 1938 मध्ये इफे या जुन्या योरुबा नगरात घर बांधताना सापडलेल्या धातूच्या मस्तकांपैकी एक आज ब्रिटिश संग्रहालयात आहे. मात्र संशय घेणे आणि माणसाला बाकावर ताटकळत ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी आजही रागानेच लिहितो आहे.

शेवटी कारागिराच्या फोनमध्ये अर्धवट कोरलेल्या तबकाचे छायाचित्र निघाले. डाव्या काठाजवळची लाकडाची गाठ दोन्हींकडे तंतोतंत जुळली आणि दहा मिनिटांत शिक्का बसला. म्हणून पावतीवर तारीख घ्यावी आणि कारागिराच्या हातात वस्तू असतानाचे छायाचित्र काढून ठेवावे. तबक झटकून न्यावे, हेही ओघाने आलेच.

मुंबईला उतरल्यावर तबकाची कोणी चौकशीही केली नाही. मागितले ते पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड, आणि ते नेमके मी दाखल्यासोबत मोठ्या बॅगेत, तबकाखाली ठेवले होते.