मामाच्या कुळागरात डेटा लॉगर बसवला, अर्थिंगनेच घाम काढला

मामाचं कुळागर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे. पोफळी, मिरी, थोडी जायफळं. दर पावसात कोळेरोग लागून कच्च्या सुपाऱ्या गळतात आणि बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) कधी मारायचं ते मामा आभाळाकडे बघून ठरवतो, म्हणून मीच म्हटलं की पाऊस किती, आर्द्रता किती आणि झाडावर ओल किती तास टिकते ते सरळ मोजूया. पर्जन्यमापक, पानावरची ओल मोजणारा लीफ वेटनेस सेन्सर, मातीच्या ओलाव्याचे दोन सेन्सर, या सगळ्यांचे आकडे नोंदवून ठेवणारा लॉगर, सोलर पॅनेल असं सगळं घेऊन मे महिन्यात गेलो. दोन दिवसांचं काम वाटलेलं, पाच लागले, त्यातले तीन अर्थिंगने खाल्ले.

पर्जन्यमापक झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब हवा, आणि पोफळी ती केवढी उंच, तेव्हा खांब रोवायला जागा उरली ती वरच्या सड्यावरच. सडा म्हणजे नुसता जांभा. अर्थिंगसाठी आठ फुटी तांब्याचा मुलामा दिलेला रॉड ठोकायला घेतला तो अडीच फुटांवर जो अडला तो अडलाच, मामेभावाने घण मारून मारून त्याचं डोकं चेपवलं. मामा म्हणाला, "पुरे रे बाबू, वरचा काप आणि लाव तार." पण त्याच सड्याखालच्या माडावर दोन वर्षांमागे वीज पडलेली, मला ते पटेना. अर्थ टेस्टर आणला होता, वीस मीटरवर एक खुंटी आणि साधारण साडेबारावर दुसरी मारून मोजलं तर ३४० ओहम! हा आकडा जितका कमी तितकी वीज सहज जमिनीत उतरते. याला अर्थिंग म्हणतच नाहीत.

गावातला वायरमन म्हणाला मीठ-कोळसा घाला. पण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, मीठ धुऊन जाणार आणि राहील तोवर धातू खाणार. शेवटी पंचवीस मीटर चर खणला, सड्यावरून खाली पाटाच्या कडेपर्यंत, गुडघाभर खोल. पहारीने जांभा फोडताना हाताला फोड आले सगळ्यांच्या. त्यात तांब्याची पट्टी उघडीच टाकली, भोवती बेंटोनाइटचा (ओल धरून ठेवणाऱ्या मातीचा) चिखल, आणि पाटाजवळच्या ओल्या मातीत दोन रॉड, एकमेकांपासून रॉडच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर. तिथे रॉड लोण्यात सुरी जावी तसे गेले. अर्थची तार खरं तर आखूड आणि सरळ हवी, पण पट्टी वाटेत सगळीकडे मातीला टेकलेली असली की तेवढा भार तीही उचलते. आकडा आला १४. मला दहाच्या आत हवा होता, पण मेच्या कोरड्यात चौदा म्हणजे पावसात उतरणारच म्हणून थांबलो (जुलैत परत मोजला, ८ भरला).

वायरिंग त्यामानाने सोपं. मातीचे दोन्ही सेन्सर एसडीआय-१२ चे, म्हणजे एकाच तारेवर अनेक सेन्सर आणि प्रत्येकाला वेगळा पत्ता लागतो, पण दोघांचाही पत्ता कंपनीतून शून्यच आलेला, एकत्र जोडल्यावर काहीच वाचेनात, एकाचा १ केला आणि चालू झाले. साळिंदरं आणि उंदरांसाठी केबल एचडीपीई पाइपातून घेतली. डब्यात शिरण्याआधी प्रत्येक केबलला खाली लोंबता वळसा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं.

मग सगळं झाल्यावर बघतो तर मामाने मोटर चालू केली की लीफ वेटनेसचा आकडा उड्या मारतो, बंद केली की गप्प. अख्खी दुपार त्यात गेली. त्या केबलवरची शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) लॉगरच्या बाजूला अर्थला होती ती बरोबर, पण खाली कुळागरात मामेभावाने तिचं दुसरं टोकही व्यवस्थित पिळून लोखंडी पाइपाला बांधलेलं, आणि तो पाइप ओल्या मातीत उभा. दोन ठिकाणची जमीन कधीच एका व्होल्टेजला नसते, मोटर चालली की फरक आणखी वाढतो आणि तो प्रवाह सरळ शील्डमधून धावत होता. खालचं टोक कापून टेप गुंडाळला. खांब, डबा, पॅनेलची फ्रेम आणि लॉगर हे सगळं एकाच तांब्याच्या प्लेटवर आणून तिथून एकच जाड तार खाली नेली. मग मोटर तीनदा चालू-बंद करून बघितली, आकडा जागचा हलला नाही!!

आता मामा बोर्डो मारण्याआधी फोन करून विचारतो, "ओल किती तास होती रे?" खाली जाणाऱ्या लांब केबलला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) लावायचा अजून राहिलाय, म्हापशाहून आणून ठेवलाय, ऑक्टोबरचा गडगडाट सुरू व्हायच्या आत, गणेशचवथीला गेलो की बसवतो.