आमची वाटचाल: चाळीस सेकंदांचं काय करायचं?

समकालीन नृत्य आणि सर्कशीतल्या हवेतल्या कसरती एकत्र आणणारी आमची कंपनी सुरू झाली, तेव्हा आमचं पहिलं मोठं भांडण राळेवरून झालं.

सिल्कवर, म्हणजे छतापासून सोडलेल्या कापडाच्या दोन लांब पट्ट्यांवर काम करणाऱ्या कलाकाराला राळ लागतेच. घामाने पकड सुटू नये म्हणून तिची पूड तळहातांना चोळतात, कधी घोट्यांनाही लावतात. पण हीच पूड खाली सांडली की विनाइलच्या डान्स फ्लोअरला चिकटून बसते. समकालीन नृत्य बहुतेक वेळा अनवाणी चालतं. तळपाय सरकला पाहिजे, वळताना टाच मोकळी फिरली पाहिजे. आमच्या एका नर्तकीचा पाय वळता वळता राळेवर धरला गेला. अंग फिरलं, गुडघा जागच्या जागी राहिला. पुढचे तीन आठवडे तिने तालीम खुर्चीत बसून पाहिली.

मी नृत्यातून आलेली, माझा भागीदार हवेतल्या कसरतींमधून. त्या दिवशी आम्ही दोघंही आपापल्या माणसांची बाजू घेऊन तावातावाने बोललो. त्याचं म्हणणं, राळ काढून घेतलीस तर माझी मुलं वरून पडतील. माझं म्हणणं, राळ राहिली तर माझी मुलं खाली मोडतील. दोघांचंही खरं होतं. शेवटी कोपऱ्यात राळेसाठी वेगळी चटई आली. तिच्यावरून उतरताना ओल्या फडक्याने पाय पुसायचे, आधी जमिनीवरची तालीम आणि मग हवेतली, रोज शेवटी फरशी पुसूनच घरी जायचं, असं सगळं लिहून भिंतीवर लावलं. आमच्या कंपनीचा पहिला कागद तो. नोंदणीचे कागद नंतर आले.

नृत्य आणि सर्कस एकत्र आणणारे आम्ही पहिले, असा आमचा दावा नाही. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका ट्रिशा ब्राउन यांनी १९७० साली न्यूयॉर्कमध्ये एका माणसाला पट्ट्यांनी बांधून इमारतीच्या भिंतीवरून सरळ चालत खाली उतरवलं होतं, आणि ते नृत्य म्हणून सादर केलं होतं. १९७२ मध्ये नर्तक स्टीव्ह पॅक्स्टन यांनी कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन या नृत्यप्रकाराची सुरुवात केली. त्याचा सगळा पाया एकमेकांना वजन देणं आणि घेणं हाच. सर्कशीतल्या जोडकसरतीत खालचा आणि वरचा गडी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर फ्रान्समध्ये शालाँ इथल्या राष्ट्रीय सर्कस विद्यालयाच्या पदवीच्या तुकडीसोबत नृत्यदिग्दर्शक जोसेफ नाज यांनी १९९५ मध्ये केलेल्या प्रयोगानंतर सर्कशीकडे बघण्याची नजरच बदलली. ही माणसं आधी होऊन गेली म्हणून आम्हाला धीर आला.

तरीही आमचा पहिला प्रयोग फसला. प्रेक्षक आले, टाळ्याही मिळाल्या, पण प्रयोगानंतर एक वयस्कर बाई भेटल्या आणि म्हणाल्या, "पोरांनो, एका तिकिटात दोन कार्यक्रम बघितले. दोन्ही चांगले होते." त्या कौतुकानेच म्हणत होत्या. मला मात्र रात्रभर झोप आली नाही, कारण त्यांनी नेमकं दुखणं दाखवलं होतं. नाच चालू असायचा, मग थांबायचा. नर्तक कडेला उभे राहायचे. कुणीतरी वर चढायचं, कापड कमरेला गुंडाळायचं, सुटायचं, खाली येऊन हात पसरून उभं राहायचं. टाळ्या. पुन्हा नाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही चित्रीकरण लावलं आणि हातात स्टॉपवॉच घेऊन बसलो. वर चढणं आणि गुंडाळी घालणं मिळून चाळीस सेकंद. सुटका, म्हणजे गुंडाळी उलगडत झटक्यात खाली येणं, ज्याला सगळे 'ड्रॉप' म्हणतात ती, एका सेकंदाच्याही आत. ते साहजिकच आहे, तीन मीटर खाली यायला शरीराला पाऊण सेकंद पुरतो. म्हणजे त्या पाऊण सेकंदासाठी आम्ही संगीत, प्रकाश, सगळं जुळवून ठेवलं होतं आणि त्याआधीचे चाळीस सेकंद बेवारस सोडले होते. पारंपरिक सर्कशीत हे खपून जातं, कारण तिथे तयारी म्हणजे उत्कंठा वाढवण्याचा काळ. ढोल वाजत असतो, प्रेक्षक वाट पाहत असतो. नाचाला असा काळ परवडत नाही. नाचात दोन हालचालींच्या मधली जागा हीसुद्धा हालचालच असते.

तिथून आमचं खरं काम सुरू झालं. हिप की नावाची एक साधी गुंडाळी आहे. एक पाय कापडाला अडकवायचा, कंबर वळवायची, कापड नितंबावरून आडवं फिरून घट्ट बसतं, आणि हात सोडले तरी माणूस लटकलेला राहतो. ही गुंडाळी आम्ही आधी जमिनीवर आणली. कापडाच्या जागी जोडीदाराचा हात. एकीने पाय अडकवायचा, दुसऱ्याचा हात तिच्या कमरेवरून आडवा फिरायचा, ती मागे झुकायची, वजन सोडायची. प्रयोगाच्या पहिल्या दहा मिनिटांत ही आकृती तीनदा येते, दर वेळी वेगळ्या जोडीत, वेगळ्या वेगाने. मग एक मुलगी एकटीच कापडापाशी जाते आणि तीच हालचाल करते. यावेळी हात नाही, कापड आहे. खालची माणसं वर बघतात. प्रेक्षकांना कुणी काही सांगत नाही, पण त्यांना कळतं की तिच्या कमरेला काय गुंडाळलं जातंय. ते चाळीस सेकंद आता आमच्या प्रयोगातले सगळ्यात शांत सेकंद आहेत.

आणि शेवटी ती सुटका घेतच नाही. पूर्ण गुंडाळी घालते, खाली बघते, मग एकेक वेढा उलगडत सावकाश उतरते. एका आयोजकाने हा भाग बदलायचा आग्रह धरला. लोक पडणं बघायला येतात, असं त्यांचं मत होतं. आम्ही तो प्रयोग सोडला. तेव्हा आम्हाला कामाची गरज होती, तरीही सोडला.

नर्तकांना आणि कसरतपटूंना एकमेकांची भाषा शिकायला वर्ष गेलं. नर्तक आठाच्या मात्रांवर चालतात. माझी सवयही तीच, त्यामुळे मी वरच्या कलाकारांनाही "पाचवर सोड, सातवर पकड" असं सांगत असे. जोडकसरतीतला आमचा खालचा गडी, ज्याला सगळे दादा म्हणतात, एक दिवस म्हणाला, "ताई, आकड्यावर हात सोडता येत नाही. समोरच्याचं मनगट हातात आलं की मगच सोडायचा." तेव्हापासून जिथे वजन हवेत आहे तिथे मोजणी नाही, तिथे श्वास किंवा 'हेप' ही सर्कशीतली इशाऱ्याची हाक. संगीतकारालाही तसंच लिहायला सांगितलं, त्या जागी ताल मोकळा ठेवायचा. उलट दिशेने कसरतपटूंनी नर्तकांकडून घेतली ती उतरण्याची कला: गुडघे मऊ, पाय बिनआवाज, आणि उतरल्यावर थांबायचं नाही. हात पसरून टाळ्यांसाठी उभं राहण्याची सवय अंगात इतकी मुरलेली असते की ती जायला खूप वेळ लागतो.

धंद्याचा भागही सांगायला हवा. अशा कंपनीचा सगळ्यात मोठा प्रश्न म्हणजे छत. नाट्यगृहात उंची असते, पण माणसाचं वजन टांगायला परवानगी असतेच असं नाही. साठ किलोचा माणूस सुटका घेतो तेव्हा झटक्याची ओढ त्याच्या वजनाच्या चारपाच पट होऊ शकते, आणि टांगणीच्या प्रत्येक दुव्याची ताकद त्याहून कितीतरी जास्त लागते. एका जागी व्यवस्थापक "इथे आधी पण टांगलं होतं" एवढंच सांगत होते, कागद दाखवत नव्हते. आम्ही त्या रात्रीचा हवेतला भाग काढून टाकला आणि फक्त जमिनीवरचा प्रयोग केला. नंतर पैसे साठवून छताच्या आधाराशिवाय उभी राहणारी स्वतःची चौपायी उभारणी घेतली, तेव्हा कुठे जागांचा प्रश्न हलका झाला.

कंपनीत पगारी म्हणून ठेवलेला पहिला माणूस रिगर, म्हणजे टांगणीची व्यवस्था बघणारा होता. नर्तक नाही, दिग्दर्शकही नाही. तो प्रत्येक प्रयोगाआधी करॅबिनर (टांगणीच्या धातूच्या कड्या), स्विव्हल (कापड मोकळं फिरू देणारा सांधा), कापड हाताने चाचपतो आणि वहीत लिहितो. वर कुणी अडकलं तर तिला खाली कसं आणायचं याची रंगीत तालीमही तोच घेतो. ठरावीक काळाने सिल्क निवृत्त होतं, आणि निवृत्त सिल्क आम्ही लगेच कापतो, म्हणजे चुकूनही पुन्हा टांगलं जाणार नाही. उत्पन्नाचा मोठा वाटा कार्यशाळांतून येतो, प्रयोगांतून नाही. तालमीच्या दिवसांचेही पैसे द्यायचे हे सुरुवातीलाच ठरवलं होतं. त्यामुळे आमचे प्रयोग कमी निघतात, पण माणसं टिकली आहेत.

सध्या नवीन कामात सीर व्हील घेतलंय. डॅनियल सीर यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे माणसाहून थोडं उंच, एकेरी कड्याचं चाक. आत उभं राहून फिरलं की टाकलेल्या नाण्यासारखं जमिनीकडे झुकत घिरट्या घालतं. त्याला फरशी कडक लागते, नर्तकांच्या सांध्यांना लवचीक. तालमीच्या जागेत आता तीन प्रकारच्या फळ्यांचे तुकडे शेजारी शेजारी पडलेत. रोज सकाळी दादा चाक फिरवून बघतो, मी अनवाणी उड्या मारून बघते, आणि रिगर वहीत लिहून ठेवतो.