बाळाचा खतना आणि मामूची दाढ

आमच्या घरात खतन्याची, म्हणजे सुंतेची, तारीख बाळ जन्मायच्या आधीच ठरली होती. मुलगा झाला तर सातव्या दिवशी अकीका, म्हणजे बाळाचं जावळ आणि कुर्बानी, आणि त्याच दिवशी खतना. आम्ही जुन्या नाशकात, कोकणीपुऱ्यात राहतो. सासरे, नवरा, दोन्ही दीर, सगळ्यांचे खतने एकाच घराण्यातल्या हजामांनी केलेले. अब्बा, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "तीन पिढ्या झाल्या, कुणाला काही झालं नाही."

माझ्या डोळ्यांसमोरून मात्र नणंदेच्या मुलाची रात्र हलत नव्हती. त्याचं तिकडे गावी दुपारी घरीच केलं होतं. संध्याकाळी पट्टी बदलली, रात्री पुन्हा बदलली. पहाटे दवाखाना गाठला तेव्हा लंगोट भिजून दुपट्यापर्यंत रक्त आलेलं. टाके घालावे लागले, पोर वाचलं. सगळा दोष त्या हजामावर टाकून मी मोकळी होऊ शकत नाही. वस्तरा कसा निर्जंतुक करता, भूल देता का, हे आमच्यापैकी एकानंही त्याला विचारलं नव्हतं. जेवायला माणसं किती, हे सगळ्यांनी विचारलं होतं.

म्हणून अकीका सातव्या दिवशी होऊ दिला आणि खतना थांबवला. बाळ बारा दिवसांचं झालं तेव्हा मुंबई नाक्याकडे लहान मुलांच्या एका सर्जनना दाखवलं. त्यांनी वजन घेतलं, कावीळ उतरलीय का पाहिलं, मग लघवीचं छिद्र नीट तपासलं. ते टोकाला नसून खालच्या बाजूला असेल तर खतना करायचाच नसतो, कारण पुढे दुरुस्तीच्या ऑपरेशनला तीच कातडी लागते. मग त्यांनी मला विचारलं, "बाळाच्या मामांपैकी कुणाचं रक्त लवकर थांबत नाही, असं कधी झालंय?"

मी गप्पच झाले. माझ्या धाकट्या भावाची चौदाव्या वर्षी दाढ काढली होती आणि तो दोन दिवस कापूस चावून बसला होता. आम्ही ते विसरूनही गेलो होतो. डॉक्टरांनी समजावलं की हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. अब्बांच्या तीन पिढ्यांचा दाखला सगळा बापाकडचा होता!

तपासणी आधी मामूची करायची ठरली. तो देवळालीहून आला आणि म्हणाला, "आपा, माझं हवं तेवढं रक्त घ्या, त्याला उगाच टोचू नका." रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर ८ आणि ९ सकट रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. "दाढेचा आणि खतन्याचा काय संबंध?" अम्मींनी, माझ्या सासूबाईंनी, तीनदा विचारलं. रिपोर्ट नॉर्मल आला आणि मी रडले.

तान्ह्या बाळांसाठी मुख्यतः तीन साधनं वापरतात: गोमको, मोगेन आणि प्लास्टिबेल. गोमको हा धातूचा चिमटा, त्याचे सुटे भाग एकमेकांना तंतोतंत बसले नाहीत तर रक्त जातं. मोगेनही चिमटाच, त्यात कापताना आतलं टोक दिसत नाही, ते चुकून कापलं गेल्याच्या घटना घडल्या आहेत. हे दोन्ही पुन्हा पुन्हा वापरायचे, म्हणजे प्रत्येक वेळी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र, हवंच, आणि वीज बेभरवशाची असते तिथे खरी अडचण इथेच येते. प्लास्टिबेल म्हणजे प्लास्टिकची रिंग, तिच्यावर कातडी दोऱ्यानं आवळतात. ती एकदाच वापरायची, पण गळून पडेपर्यंत अंगावर राहते, त्यामुळे पुढचे दिवस आईनं लक्ष ठेवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत तिन्ही पद्धती आहेत, स्थानिक भूल देऊनच. त्याच वर्षीच्या एका मोठ्या आढाव्यात तान्ह्या बाळांमध्ये गुंतागुंतीचं मध्यक (सगळ्या अभ्यासांच्या मधोमधचं) प्रमाण १.५ टक्के होतं, मोठ्या मुलांमध्ये ६ टक्के. मला वाटतं, साधन कोणतं यापेक्षा ते हाताळणारा शिकलेला आहे का आणि रात्री दोनला फोन उचलेल का, हे आधी विचारावं.

आमचं प्लास्टिबेलनं झालं. रिंगच्या दांडीवर १.३ असा आकडा होता. डॉक्टरांनी मापाच्या दोन रिंगा लावून पाहिल्या, मगच दोरा आवळला. बाळ भुलेच्या सुईला रडलं, नंतर साखरपाण्याचं बोट चोखत राहिलं. बारा तासांत लघवी झाली पाहिजे, रक्त थेंब थेंब चालूच राहिलं किंवा रिंग खाली सरकून रुतली तर लगेच यायचं, एवढं कागदावर लिहून मिळालं. पिवळसर थर दिसेल, तो पू नसतो, खरवडायचा नाही, हेही होतं.

सहाव्या दिवशी रिंग कातडीच्या एका धाग्यावर लोंबत होती. अम्मींचा हात पुढे गेला, मी तो धरला. सातव्या सकाळी ती आपसूक लंगोटात पडली. अब्बांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली. मग सातवा महिना लागलेल्या माझ्या जावेकडे वळून त्यांनी विचारलं, "बेटा, तुला भाऊ किती?"