राज्यसभेची मतमोजणी पायथनमध्ये

रविवारी बसून १९६१ च्या निवडणूक नियमांतला राज्यसभेच्या मतमोजणीचा भाग कोडमध्ये उतरवला. वकिली भाषा सोलत बसावं लागेल असं वाटलं होतं, पण हा मजकूर जवळजवळ प्रोग्रामच आहे. प्रत्येक मतपत्रिकेचं मूल्य १००. एकूण मूल्याला जागा अधिक एकने भागा, बाकी सोडा, एक मिळवा.

महाराष्ट्राची जून २०२२ ची निवडणूक घातली: जागा ६, वैध मतं २८४. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारं मूल्य, आला ४०५८. भाजपचे पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं, म्हणजे कोट्यापेक्षा ७४२ जास्त; हे अधिक्य मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीच्या उमेदवाराला जातं. पुढचा पसंतीक्रम सगळ्या ४८ मतपत्रिकांवर असेल, तर दर मतपत्रिकेमागे १५. अपूर्णांक नियमच फेकून देतो. या वाटपामुळेच पहिल्या पसंतीची २७ मतं असलेले भाजपचे धनंजय महाडिक ३३ वाल्या शिवसेनेच्या संजय पवारांच्या पुढे गेले.

आता आधी कुणाचं अधिक्य वाटायचं? दोघांचं सारखंच, मूळ मतंही सारखीच. मग नियम म्हणतो, चिठ्ठी टाका. अख्ख्या कोडमध्ये रँडम फक्त अशा जातीच्या बरोबरीत लागतं.

हुरूप येऊन राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, उघडलं. आमदार-खासदारांच्या अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांनी घ्यायचा, पण किती दिवसांत, ते लिहिलेलंच नाही. त्या फंक्शनला टाइमआउट, म्हणजे थांबायची मुदत, काय देऊ?